मातीच्या बैलाची घुंगरमाळ

पोळ्याला पुजायची मातीची बैलजोडी हातात घेऊन नीट पाहावी. शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि गळ्यात ठिपक्यांची माळ. हे ठिपके म्हणजे घुंगरं. रंगाने काढलेली, म्हणून मुकी. त्यांचं कूळ शोधायला अकोले तालुक्यातल्या राजूरला जावं.

राजूर हा डांगी गुरांचा मुलूख. इथलं डांगी जनावरांचं प्रदर्शन नावाजलेलं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि कातडी अशी तेलकट, की सह्याद्रीचा पाऊस तिच्यावरून निथळून जातो. पावसाळी धुक्यात रानात चरणारं जनावर चार पावलांवरही दिसत नाही. तिथे गळ्यातली घंटाच गुराख्याला वाट दाखवते. ‘मी इथे आहे’ एवढं सांगणं, हे तिचं मूळ काम. पोळ्याच्या मिरवणुकीत त्याच आवाजाची शोभा झाली. घुंगरू हा शब्दही आवाजातूनच आलेला; संस्कृत ‘घर्घरा’शी त्याचं नातं सांगतात.

मातीच्या बैलाचं घराणंही जुनं. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा पुढे संगमनेरजवळच्या जोर्व्याला जाते. तिथल्या १९५०-५१ च्या उत्खननामुळे एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. त्याच संस्कृतीच्या इनामगावात, शिरूर तालुक्यात, एका घराच्या जमिनीखाली मातीची देवी आणि तिच्यासोबत मातीचा बैल सापडला. तीन हजार वर्षांहून जुना. प्रवरेकाठच्याच दायमाबादला १९७४ साली बैलजोडी जुंपलेला धातूचा रथ निघाला. या मुलखात माणसाने बैलाला राबवलं, तसं घडवलंही.

जपानी कुंभाराने तर बैलाचंच घुंगरू केलं. मातीच्या घुंगराला तिथे ‘दोरेई’ म्हणतात. आतून पोकळ, पोटात मातीची गोळी, खाली चीर. वर्षचक्रातल्या बारा प्राण्यांची अशी घुंगरं देवस्थानांत मिळतात. बैलाचं वर्ष आलं की बैल घरी आणायचा, हलवायचा. त्याचं पोट खुळखुळलं की इडापिडा टळते, अशी श्रद्धा.

आपल्या कुंभाराला माती वाजती करावी लागली नाही. मला वाटतं, खरी घुंगरमाळ दारातच वाजत होती, म्हणून त्याला ठिपके पुरले. आता कितीतरी दारांत ट्रॅक्टर उभा असतो आणि पाटावर मातीची जोडी पुजली जाते. पुढच्या पोळ्याला लेकरांच्या हाती ती जोडी देताना एवढं सांगावं: बाळांनो, हे ठिपके वाजत असत.