चार हजार दोनशे त्र्याहत्तरची टॅली

सायकलचे आणि माझे संबंध लग्नापूर्वीचे. बी.कॉम.ची सगळी वर्षं मी सायकलवरून केली; त्यातलं एक वर्ष दोनदा केलं, पण तो दोष सायकलचा नव्हे. पुढे बँकेत चिकटलो, मग खुर्चीला चिकटलो, आणि पोटाने आपलं स्वतंत्र खातं उघडून त्यात नियमित भरणा सुरू केला. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात एलएफसी घेऊन आम्ही आग्र्याला गेलो आणि तिथून भरतपूरचं केवलादेव अभयारण्य बघायला निघालो. दाराशी पोचल्यावर मी म्हटलं, "मी आपला सायकलने येतो." सौ.नी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जिने आमचे मॅनेजर जुळत नसलेल्या सहीकडे पाहतात.

"सपाट आहे गं सगळं," मी म्हणालो.

"रस्ता सपाट आहे," ती म्हणाली आणि सायकलरिक्षात जाऊन बसली. रिक्षावाले एक वयस्क सरदारजी होते. गळ्यात दुर्बीण, आणि पायांत, हे मला मागाहून कळलं, माझ्या दुप्पट दम.

सपाट रस्त्याचा एक दुर्गुण आहे. त्याला उतार नसतो. घाटात माणूस चढताना मरतो खरा, पण उतरताना त्याला व्याज मिळतं. इथे देवळापर्यंतच्या सरळसोट डांबरी रस्त्यावर पेडल मारलं तर पुढे, नाहीतर उभे, रोखीचा व्यवहार. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात बाभळी, बाभळींवर चित्रबलाकांची घरटी आणि त्यांत पिल्लांचा गोंगाट. रिक्षातून सौ. एकामागून एक नावं घोकत होती. मला दिसत होतं ते फक्त रिक्षाचं मागचं चाक.

हे सगळं निसर्गाने केलं असेल अशी माझी समजूत होती. धापा टाकायला थांबलो तेव्हा सरदारजींनी ती दुरुस्त केली. इथे मुळात नुसती एक सखल, खोलगट जमीन. अठराव्या शतकात भरतपूरच्या महाराजा सूरजमलने अजान बंध बांधला. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पाणी त्यात अडलं आणि तिथून ते या खळग्यात येऊ लागलं. नदीच्या पाण्याबरोबर मासळीची पिल्लं आली आणि मासळीमागे पक्षी आले.

सूरजमल म्हटल्यावर मराठी माणसाचा पाय पेडलवर जरा अडखळतोच. १७५४ साली आपण त्याच्या कुंभेरच्या किल्ल्याला वेढा घातला. तिथे खंडेराव होळकर, म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान, पडले. आणि १७६१ साली पानिपतावरून जे लोक उपाशी, उघडेबोडके परत निघाले, त्यांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला तो याच माणसाने. त्याचं हे येणं आपल्याकडे बाकी आहे. फेडल्याची नोंद निदान माझ्या वाचनात नाही.

त्याच्या वंशजांनी पाण्याला आणखी कामाला लावलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छोटे बांध घातले, पाट काढला आणि राजेशाही बदकशिकारीची सोय केली. देवळापाशी दगडी पाट्या उभ्या आहेत. तारीख, मुख्य पाहुणा, बंदुका किती, पक्षी किती, असे पद्धतशीर रकाने. आमच्या डे-बुकात इतकी शिस्त नसते. १९०२ साली लॉर्ड कर्झन आले तेव्हाचा आकडा ५४०. आणि १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेली शिकार: ४,२७३.

मी सायकल झाडाला टेकवली आणि सवयीने हिशोब केला. बारा तास क्षणभरही न थांबता बंदुका चालल्या असं धरलं, तरी मिनिटाला सहा पक्षी पडतात. पण माझं डोकं भलतीकडेच अडकलं. ४,२७३, म्हणजे ४,२७५ नव्हे. तो शेवटचा ३ कुणी मोजला? माझ्याच जातीचा कुणीतरी कारकून असणार. साहेबलोक जेवायला गेले असतील आणि हा कंदिलाच्या उजेडात त्या ढिगापुढे उकिडवा बसून मोजत असेल, मध्येच कुणी हाक मारली म्हणून पुन्हा पहिल्यापासून. टॅली लागल्याशिवाय त्याला घरी सोडला नसणार. पाहुण्याचं नाव दगडावर आहे, त्याचं नाही.

स्वातंत्र्यानंतर हे पाणी शेतीकडे वळवायची मागणी झाली, तेव्हा आपल्या मुंबईच्या सालीम अलींनी आपलं वजन खर्च करून हे तळं वाचवलं. शेवटची मोठी शिकार १९६४ची; महाराजांचे शिकारीचे हक्क मात्र १९७२पर्यंत राहिले. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९८५ साली जागतिक वारसा.

आणि १९८२ सालीच म्हशींना बंदी झाली. आजूबाजूच्या गावांची गुरं इथे पिढ्यान्‌पिढ्या चरत होती. कागदावर म्हैस ही खर्चाच्या बाजूला पडते: चरते, तुडवते, शेण टाकते. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. मग म्हशी गेल्या आणि गवत माजलं. उघडं पाणी गवताखाली झाकत गेलं, बदकांना उतरायला जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने दहा वर्षं अभ्यास करून निष्कर्ष काढला, की म्हैस जमेच्या बाजूला होती. गवत तीच आवरत होती. चुकीची एन्ट्री आम्ही दुसऱ्या दिवशी उलटी फिरवतो. मेलेल्या माणसांची कुठे फिरवणार?

सरदारजींनी हे सगळं शांतपणे सांगितलं. परतताना त्यांनी रिक्षा थांबवली आणि एका मोकळ्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"बहनजी, यहाँ बैठते थे."

सैबेरियाचे पांढरे क्रौंच. हजारो किलोमीटर उडून दर हिवाळ्यात इथे यायचे, दरवर्षी थोडे थोडे कमी होत. शेवटची जोडी २००२ साली दिसली, मग कुणी नाही. पाण्याचंही तेच रडगाणं: वर गंभीर नदीवर पांचना धरण झालं, तिचं पाणी येईनासं झालं, आणि आता गोवर्धन नाल्याचं अन् चंबळचं पाणी आणून खड्डा भरावा लागतो. सौ.नी दुर्बीण मागून घेतली आणि त्या रिकाम्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली. मलाही घाई करावीशी वाटली नाही. पोटऱ्याही नको म्हणत होत्या.

दाराबाहेर सायकल परत केली. दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न मागता पाण्याची बाटली पुढे केली. रात्री लॉजवर सौ.ने यादी काढली. एकतीस पक्षी. माझे पाच, त्यात एक कावळा, आणि एक मी बगळा समजलो तो खांब निघाला. तिच्या यादीत सर्वांत खाली लिहिलं होतं: "क्रौंच – जागा पाहिली."

"हा धरता येणार नाही," मी म्हटलं. "न दिसलेला पक्षी जमेला कसा घेणार? म्हणजे तीसच झाले."

"टॅली तुम्ही बघा तुमची," ती म्हणाली, "यादी माझी आहे." आणि पोटऱ्यांना लावायचं तेल तिने माझ्याकडे सरकवलं.