दारापुढची जागा कुणाची?

घर बघायला निघालेल्या माणसाला एजंटबाई काय काय दाखवतात ते तुम्हांला ठाऊकच आहे. किचन, बेसमेंट, छपराचं वय, जवळची शाळा. अर्लिंग्टनच्या ऑरोरा हायलँड्स भागातलं एक जुनं विटांचं घर बघून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा आमच्या एजंटबाईंनी फुटपाथवरच्या खांबाकडे बोट दाखवलं आणि हुकमाचं पान टाकावं तसं सांगितलं, "आणि हा रस्ता परमिट पार्किंगचा आहे!" बायको मला मराठीत हळूच म्हणाली, "ह्या पाटीचे किती लावलेत?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण माझ्या डोक्यातून जाईना. आमचा धंदाच मुळी आकड्यांचा. शोधायला लागलो तर कळलं की ती पाटी साधीसुधी नाही. परमिटच्या पाट्या अमेरिकेत आज गावोगावी दिसतात. पण त्या घटनेला धरून आहेत की नाहीत, याचा फैसला ह्याच वस्तीवरून झालेला आहे, आणि तोही थेट सुप्रीम कोर्टात.

ऑरोरा हायलँड्सला लागूनच क्रिस्टल सिटी आहे. तिथे पूर्वी वीटभट्ट्या आणि भंगाराची आवारं होती. १९६०च्या दशकात तिथे उंच इमारती उठायला लागल्या. (पहिल्या इमारतीत मोठं काचेचं झुंबर होतं, त्यावरून हे नाव पडलं.) नौदलाची ऑफिसं आली, पेटंट ऑफिस आलं, हजारो कारकून आणि इंजिनियर रोज गाड्या घेऊन येऊ लागले. मेट्रोचा अजून पत्ता नव्हता. ऑफिसच्या गॅरेजमध्ये पैसे भरण्यापेक्षा दोन गल्ल्या पलीकडे झाडाखाली फुकट गाडी लावावी, हा हिशेब कुणीही केला असता. मी त्या काळात असतो तर मीही केला असता! पण तिथे राहणाऱ्यांचे हाल झाले. सकाळी आठ वाजल्यापासून दारात अनोळखी गाड्या, गल्लीबोळांतून जागा शोधत घिरट्या, धूर आणि कचरा.

मग काउंटीने नियम केला. कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ या वेळात त्या रस्त्यांवर फक्त परमिटवाल्या गाड्या उभ्या राहतील. परमिट कुणाला? तिथल्या रहिवाशांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि तिथे कामाधंद्यासाठी येणाऱ्यांना, आणि तेही फुकट. रोज तिथे गाडी लावणारे क्रिस्टल सिटीतले नोकरदार कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रस्ता सगळ्यांच्या करातून झालेला, मग रहिवासी आणि बाहेरचा असा भेद कसा? चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्यापुढे समान संरक्षण दिलेलं नाही का?

व्हर्जिनियाच्या सुप्रीम कोर्टाला हे पटलं आणि त्यांनी नियम रद्द केला. काउंटी वॉशिंग्टनला गेली. ऑक्टोबर १९७७मध्ये 'अर्लिंग्टन काउंटी विरुद्ध रिचर्ड्स' ह्या खटल्याचा निकाल लागला. दोन-तीन पानांचा मजकूर, कुणा एका न्यायमूर्तीच्या नावाने नव्हे तर साऱ्या कोर्टाच्या वतीने. सार असं, की वस्तीतला गोंगाट, रहदारीचा धोका आणि कचरा कमी करणं हा गावाचा रास्त हेतू आहे. बाहेरच्या गाड्यांना आवर घालायचा तर रहिवासी आणि बाहेरचे असा फरक होणारच, आणि घटना त्याला आपोआप वाईट मानत नाही. गंमत म्हणजे क्रिस्टल सिटीचं मेट्रो स्टेशन त्याच वर्षी १ जुलैला सुरू झालं होतं. पण निकाल हाताशी आल्यावर इतर शहरांना धीर आला आणि पाट्या पसरत गेल्या.

आता बायकोच्या प्रश्नाकडे येतो. पाटीमुळे घराची किंमत वाढते का? माझं मत असं, की ते परमिटं किती वाटतात त्यावर आहे. बॉस्टनला रहिवाशांची परमिटं वर्षानुवर्षं फुकट आणि हवी तितकी मिळत आली. गाड्या जागांपेक्षा जास्त, तेव्हा परमिट म्हणजे नुसता शिकारीचा परवाना. जंगलात जा, मिळालं तर मिळालं. तिथे किंमत चढते ती हक्काच्या जागेची. २०१३ साली बॅक बे भागात एकामागे एक अशा दोन गाड्यांच्या उघड्या जागेचा, थकलेल्या करापायी, लिलाव झाला आणि बोली गेली ५,६०,००० डॉलरवर! आपल्याकडे तेवढ्यात माणूस बंगला बांधेल. अॅमस्टरडॅममध्ये उलटं. तिथे परमिटं मोजकी आणि प्रतीक्षायादी लांब. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी घरांच्या किमतींवरून काढलेला आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की परमिटची रहिवाशाला वाटणारी किंमत दिवसाला सुमारे १० युरो आहे. म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांच्या वर. जो ते परमिट घेऊन बसला आहे, त्याच्या खिशात शहराने गुपचूप तेवढी रक्कम ठेवली म्हणायची.

यूसीएलएचे प्राध्यापक डोनल्ड शूप (२०२५मध्ये वारले) हेच जन्मभर सांगत होते. त्यांचं २००५चं जाडजूड पुस्तक फुकट पार्किंगच्या खऱ्या किमतीवरच आहे. ते म्हणत, दिवसा रिकाम्या पडणाऱ्या जागा बाहेरच्यांना बाजारभावाने द्या आणि पैसा त्याच गल्लीच्या फुटपाथवर, झाडांवर खर्च करा. मला हे एकदम पटतं. अर्थात घर घेतल्यावर किती पटेल, सांगता येत नाही.

कारण अर्लिंग्टनमध्ये खरी मेख पुढेच आहे. खास मंजुरी घेऊन बांधलेल्या मोठ्या इमारतींतल्या रहिवाशांना परमिट मिळत नाही. तुमची इमारत तुमचं गॅरेज बांधेल ह्या बोलीवर मंजुरी दिली, तेव्हा रस्त्यावर येऊ नका, असा युक्तिवाद. पण त्या गॅरेजचं भाडं बऱ्याचदा वेगळं मोजावं लागतं. मी तशाच एका इमारतीत भाड्याने राहत होतो, आपली बरीच मंडळी राहतात. समोरच्या घरवाल्याला दोन गाड्या मावतील असा ड्राइव्हवे, आणि वर रस्त्यावरचं परमिटही. कर दोघेही भरतात, तो घरावर आणि आपण भाड्यातून. १९७७मध्ये भांडण क्रिस्टल सिटीच्या नोकरदारांशी होतं. आता ते शेजाऱ्याशी आहे. काउंटीने २०१७मध्ये नवे झोन थांबवले, फेरविचार केला आणि २०२१मध्ये सुधारित नियम आणले. इमारतीवाले मात्र बाहेरच राहिले.

मुंबईचा एक खटला इथे आठवतो. २०१०मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात ठरवलं, की इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येणार नाही, ती सगळ्यांच्या सामाईक भागात मोडते. तिकडे सामाईक जागा विकू नका म्हणाले, इकडे सामाईक रस्ता राखून ठेवायला मुभा दिली. दोन्ही निकाल मला आपापल्या जागी बरोबर वाटतात, हीच पंचाईत.

त्या विटांच्या घराचं काय केलं, असं विचाराल. बायकोने किमतीत पाटीचा भाग किती हे मला कागदावर मांडायला लावलं. मला तो आकडा काढता आला नाही. आम्ही जवळच एक कॉन्डो घेतला, खाली नंबर घातलेली एक जागा, खरेदीखतात लिहिलेली. मागच्या श्रावणात ऑरोरा हायलँड्समधल्या एका मित्राकडे कामाच्या दिवशी सकाळीच सत्यनारायण होता. वहिनी दारातच पाहुण्यांना व्हिजिटर पास देत होत्या, आणि पास संपले तसं पुढच्या प्रत्येकाला फोनवर सांगत होत्या, "मेट्रोनेच या हो, स्टेशनवर घ्यायला येतो."