फ्रेंच शुद्धलेखन आणि सहा ठिपके

फ्रेंच मजकूर अंधांच्या बोटांखाली आणण्याचा पहिला संघटित प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हालांतें आयुई यांनी केला. त्यांच्या शाळेत नेहमीची रोमन अक्षरेच ओल्या जाड कागदावर दाबून उठावदार केली जात. पुस्तके अवजड होत, वाचन रेंगाळे आणि मुलांना त्या अक्षरांत स्वतःहून लिहिता येत नसे.

1821 च्या सुमारास शार्ल बार्बिए यांची ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. ती अक्षरांची नव्हे, उच्चारांची होती: 36 ध्वनींचा तक्ता आणि एका खुणेत 12 पर्यंत ठिपके. एवढी उंच खूण बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नसे. त्याहून मोठी अडचण भाषेची होती. फ्रेंचमध्ये हिरवा, काच, किडा आणि 'कडे' या चारही अर्थांचे शब्द 'व्हेर' असेच ऐकू येतात. वेगळे असते ते केवळ लेखन. ध्वनींवर शिकलेला विद्यार्थी शुद्धलेखनाला मुकला असता.

त्याच शाळेतील लुई ब्रेल याने वयाच्या पंधराव्या वर्षी, 1824 मध्ये, ठिपके सहावर आणले आणि ध्वनींऐवजी अक्षरे घेतली. 1829 मध्ये पद्धत प्रसिद्ध झाली. 1837 च्या आवृत्तीत तिच्यातल्या आडव्या रेघा गेल्या. पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांत बसतात आणि पुढच्या ओळी त्यांनाच खालचे ठिपके जोडून तयार होतात. स्वराघाताची चिन्हे असलेल्या अक्षरांना स्वतंत्र खुणा मिळाल्या. त्यामुळे 'किंवा' आणि 'कुठे' या अर्थांचे, 'ऊ' असेच उच्चारले जाणारे दोन शब्द बोटाला वेगळे कळतात. फ्रेंचमध्ये क्वचितच लागणारे 'डब्ल्यू' मात्र पार चौथ्या ओळीच्या टोकाला गेले.

शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती 1854 मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

ब्रेल पाटीवर मजकूर उजवीकडून डावीकडे, उलट्या आकारात टोचावा लागतो. कागद उलटल्यावर तो सुलट वाचता येतो. शिवाय उठावदार अक्षरांना जागा फार लागते. म्हणून मोरीस द ला सिझरान यांनी 1882 मध्ये संक्षिप्त लेखनाची पद्धत दिली. तिच्या नावातच 'शुद्धलेखनाची' हा शब्द होता, आणि तो उगाच नव्हता: 'ल' या शब्दासाठी एकच अक्षर वापरले तरी वाचणाऱ्याच्या मनात पूर्ण लिखित रूप उभे राहावे लागते. सिझरान यांनीच 1889 मध्ये आयुई यांच्या नावाने संस्था स्थापली. तिथे डोळस स्वयंसेवक पुस्तके हाताने ब्रेलमध्ये उतरवीत.

अंकांचा प्रश्न पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले गणिती लुई आंत्वान यांनी हाताळला. त्यांच्या पद्धतीत 1 ची खूण आणि टोपी असलेल्या 'आ' ची खूण एकच आहे. संख्येआधी सहावा ठिपका दिला की घोळ मिटतो. 2008 पासून लागू झालेल्या फ्रेंच ब्रेल संहितेत साध्या मजकुरातही हेच अंक आहेत.