स्नायुदौर्बल्याच्या औषधांची कहाणी

पावसाळ्याच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यांत किंवा मेहकर-लोणारकडील पठारावर भुईवर अंथरूण टाकून निजलेल्या माणसास रात्रीं मण्यार डसते, आणि पुष्कळदां तें त्याला कळतहि नाहीं. दंश फारसा दुखत नाहीं, सूज येत नाहीं, दांतांच्या खुणा शोधूनहि सांपडत नाहींत. जाग येते तों पापण्या जड झालेल्या असतात, एका वस्तूच्या दोन दिसतात, शब्द तोंडांत घोटाळतात, पाण्याचा घोट उतरत नाहीं. वेळींच कृत्रिम श्वासाची सोय झाली नाहीं तर छातीचे स्नायूहि थांबतात.

हींच चिन्हें साप न डसतां कांहीं माणसांत महिनेच्या महिने दिसत राहतात. सकाळीं माणूस हिंडताफिरता असतो. दिवस कलतो तशी पापणी कलते, घांस चावतां चावतां जबडा थकतो, आणि घटकाभर विसावा घेतला कीं गेलेली शक्ति परत येते. ह्या रोगास मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात. १९८४ सालीं नट अमिताभ बच्चन यांना तो जडल्याचें निदान झालें, तेव्हां वर्तमानपत्रांतून हें अवघड नांव घरोघर पोचलें. रोगाचा हा चढउतार मोठा फसवा आहे. सकाळीं तपासणाऱ्या डॉक्टरास कांहीं दिसत नाहीं, संध्याकाळीं घरच्यांस सर्व दिसतें. आणि मध्येंच कोणी तरी 'ढोंग' हा शब्द उच्चारून मोकळा होतो. स्त्रियांच्या वांट्याला तर हा शब्द अधिकच आला. वस्तुतः १६७२ सालींच टॉमस विलिस ह्या इंग्रज वैद्यानें, फार वेळ बोलल्यावर जिची वाचाच तास-दोन तास बंद पडे अशा एका स्त्रीची हकीकत लिहून ठेवली होती. १८९५ सालीं बर्लिनच्या योली ह्यांनीं रोगास आजचें नांव दिलें. उपाय मात्र आणखी चाळीस वर्षें कोणाजवळ नव्हता.

तो सांपडला तो लंडनजवळच्या ग्रिनिच येथील सेंट आल्फेज रुग्णालयांत, आणि सांपडला तो कोणा नामांकित प्राध्यापकास नव्हे, तर मेरी वॉकर ह्या एका सहायक डॉक्टरीणबाईंना. तेथें येणारे मज्जाविकारतज्ज्ञ डेनी-ब्राउन बोलतां बोलतां म्हणाले कीं, ह्या रोग्याची स्थिति क्युरारे ह्या दक्षिण अमेरिकेंतील बाणविषाची बाधा झालेल्या माणसासारखी दिसते. वॉकरबाईंनीं विचार केला: दुखणें क्युरारेसारखें असेल, तर क्युरारेचा उतारा येथें कां चालूं नये? तो उतारा म्हणजे फायसोस्टिग्मिन. पश्चिम आफ्रिकेंतील कॅलाबार प्रांतीं ज्या बिया आरोपीस खाऊं घालून दिव्य करवीत, त्याच बियांतून निघालेलें हें द्रव्य. १९३४ सालीं त्यांनीं तें टोंचून पाहिलें आणि तासाभराच्या आंत मिटलेली पापणी वर उचलली गेली. कांहीं तासांनीं ती पुन्हां खालीं आली, हेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें.

लागलीच १९३५ सालीं फायसोस्टिग्मिनची जागा प्रॉस्टिग्मिननें घेतली आणि १९५० नंतरच्या दशकांत प्रॉस्टिग्मिनची जागा पायरिडोस्टिग्मिननें. ह्या अदलाबदली सोप्या होत्या, कारण तिन्ही औषधें एकाच जातीचीं. मज्जातंतूच्या टोकांतून स्नायूकडे आज्ञा नेणारें ॲसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य शरीर क्षणांत मोडून टाकतें. तें मोडणें हीं औषधें लांबवितात. पण येथेंच पहिला पेंच उभा राहिला. मात्रा अपुरी पडली तर रोगी दुबळा होतो, आणि मात्रा फाजील झाली तरीहि दुबळाच होतो! श्वास अडलेल्या रोग्यास आणखी औषध द्यावें कीं असलेलें थांबवावें, हा प्रश्न खाटेशेजारीं उभें राहून सोडवावा लागे. १९५२ सालीं एड्रोफोनियम हें क्षणजीवी औषध टोंचून पाहण्याची युक्ति पुढें आली: त्यानें बरें वाटलें तर मात्रा कमी पडलेली, अधिक बिघडलें तर मात्रा जास्त झालेली. (जातां जातां एक गोष्ट सांगण्याजोगी: हिंवतापावर वऱ्हाडांत पूर्वीं घेतलें जाणारें कोयनेल हा ह्या रोगाचा शत्रु आहे, त्यानें अशक्तपणा वाढतो.)

दुसरी वाट शस्त्रक्रियेची. १९३६ सालीं अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें ब्लेलॉक ह्यांनीं एका तरुण मुलीच्या छातींतील थायमस ग्रंथीची गांठ काढली आणि तिचा स्नायुरोगहि सुधारला. पुढें गांठ नसलेल्या रोग्यांचीहि ग्रंथि काढण्यांत येऊं लागली. फायदा शस्त्रक्रियेचा कीं काळाचा, हा वाद त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षें चालला. १९६० सालीं ग्लासगोचे सिम्प्सन ह्यांनीं अशी अटकळ मांडली कीं, रोगाचें मूळ शरीराची संरक्षक शक्ति स्वतःवरच उलटण्यांत असावें. पुरावा मिळण्यास तेरा वर्षें लागलीं, आणि येथें मण्यारीचें कुळ पुन्हां कथेंत येतें. तैवानांतील मण्यारीच्या विषांतून चँग व ली ह्यांनीं १९६३ सालीं एक अंश वेगळा काढला होता. तो स्नायूवरील आज्ञाग्राहक कणांना इतका घट्ट चिकटतो कीं, त्यास किरणोत्सर्गी खूण लावून ते कण चक्क मोजतां येतात. १९७३ सालीं ते मोजले, तेव्हां रोग्याच्या स्नायूंत ते निरोगी माणसाच्या एक-तृतीयांशाहूनहि कमी निघाले. त्याच वर्षीं पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम ह्यांनीं विद्युत्-मत्स्याचे ग्राहक कण सशांस टोंचले. सशांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें तयार झालीं आणि ससे लुळे पडले.

आतां ज्या औषधाचा प्रश्न सर्वांत बिकट ठरला त्याकडे वळलें पाहिजे. १९४९ च्या सुमारास एसीटीएच ह्या अंतःस्रावाचा प्रयोग ह्या रोग्यांवर झाला. पहिल्या कांहीं दिवसांत अनेक रोगी एकदम खालावले, कित्येकांचा श्वास अडला, आणि डॉक्टरांनीं घाबरून हात आवरला. त्या खालावण्यापलीकडे सुधारणा उभी होती, हें पुरतें मान्य होण्यास जवळजवळ वीस वर्षें गेलीं. दोष औषधाचा कमी, घाईचा अधिक होता. आज प्रेड्निसोलोन बहुधा लहान मात्रेनें सुरू करतात आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोग्याकडे बारीक लक्ष ठेवतात. तें दीर्घकाळ घेतलें तर हाडें, रक्तांतील साखर, डोळे ह्यांवर त्याचा बोजा पडतो. म्हणून ॲझॅथायोप्रिनकडे वळावें लागतें. पण ॲझॅथायोप्रिनचा गुण यावयास कित्येक महिने, कधीं वर्षाहूनहि अधिक काळ लागतो. तोंवर जुनें औषध सोडतां येत नाहीं, आणि सोडावयाचें तेंहि थोडथोडें. कारण बाहेरून मिळणाऱ्या औषधानें शरीराची स्वतःची ग्रंथि सुस्तावलेली असते. एकदम बंद केल्यास मूळ रोग उसळतो आणि वर हें नवें संकट येतें. १९७६ सालीं इंग्लंडांत रक्तरस बदलून प्रतिद्रव्यें काढून टाकण्याचा उपाय ह्या रोगावर वापरण्यांत आला. त्याचा गुण कांहीं आठवडेच टिकतो, पण दोन औषधांमधला ओढा ओलांडण्यास तेवढा पूल पुष्कळदां पुरतो.

हा मधला काळ शहरांतल्या रोग्यास निराळा आणि मेहकरच्या रोग्यास निराळा. मुंबई-नागपूर लोहमार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांतून मलकापूर, नांदुरा, शेगांव असा जातो. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा त्या वाटेवर नाहींत. तज्ज्ञाची गांठ घेण्यास अकोला, छत्रपति संभाजीनगर किंवा नागपूर गांठावें लागतें. 'बरें वाटतें, आतां गोळ्या पुरेत' असा निर्णय अशा अंतरावर घरांतच होतो, आणि तोहि नेमका नवें औषध मूळ धरीत असतांना. तालुक्याच्या डॉक्टरास मात्र एक साधी परीक्षा करतां येते: मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटें बर्फ ठेवावा, ह्या रोगांत ती बहुधा कांहीं काळ उचलली जाते.

ग्रंथीचा वाद अखेर २०१६ सालीं मिटला. १२६ रोग्यांना तीन वर्षें पाहिल्यावर, ज्यांची ग्रंथि काढली होती त्यांची शक्ति अधिक राहिली व त्यांना प्रेड्निसोनहि कमी लागलें, असें ठरलें. त्यापुढें रक्तांतील प्रतिद्रव्यें कमी करणारें एफगार्टिजिमॉड अमेरिकेंत २०२१ च्या डिसेंबरांत मान्य झालें. त्याचा गुण आठवड्यांत दिसूं लागतो. पण तो ओसरतो, आणि सलाईनचा फेरा पुन्हां घ्यावा लागतो. ह्या नव्या औषधावर असलेले पुष्कळ रोगीहि पायरिडोस्टिग्मिनची गोळी दर कांहीं तासांनीं घेतच असतात.