तळघर आणि प्रयोगशाळा : 'गीक'-विषयक ब्रिटिश व अमेरिकन विनोदी मालिका

'गीक' या इंग्रजी शब्दास मराठी पर्याय शोधू गेल्यास 'पढतमूर्ख' हा शब्द प्रथम पुढे येतो. समर्थ रामदासांनी दासबोधात पढतमूर्खाची लक्षणे विस्ताराने सांगितली आहेत. परंतु हा पर्याय येथे फसवा ठरतो. पढतमूर्खाचा दोष आचरणाचा आहे. जाणूनही तो तसे वागत नाही. गीकाचा दोष मात्र व्यवहाराचा होय. आपल्या विषयात तो निष्णात असतो, पण चार माणसांत काय बोलावे हे त्यास उमगत नाही.

इंग्रजीतही या शब्दाचा प्रवास सरळ नाही. मूर्ख या अर्थाच्या एका बोलीशब्दापासून निघून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील जत्रांत तो एका हीन खेळ्याचे नाव झाला. हा खेळ्या जिवंत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडून दाखवीत असे! 'नर्ड' हा त्याचा सोबती शब्द १९५० मध्ये डॉ. स्यूस यांच्या बालपुस्तकात एका काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून छापला गेला, आणि १९५१ मध्ये 'न्यूजवीक'ने तो डेट्रॉइटच्या तरुणांच्या बोलीतील शब्द म्हणून नोंदविला. ब्रिटनमध्ये याच क्षेत्रात निराळे दोन शब्द रुळले होते. दुसऱ्या महायुद्धात रडारसारखी साधने घडविणाऱ्या शास्त्रज्ञांस सैनिक 'बॉफिन' म्हणत. त्यात थट्टा असली तरी आदरही होता. उलट, फलाटाच्या टोकाशी उभे राहून इंजिनांचे क्रमांक टिपणाऱ्या छांदिष्टांस त्यांच्या जाड अंगरख्यावरून 'अ‍ॅनोरॅक' हे नाव मिळाले. त्यात आदराचा लवलेश नाही. आदर व उपहास यांची अशी विभागणी ब्रिटिश बोलीने केली. अमेरिकन बोलीत दोन्ही भाव पुढे एकाच शब्दात नांदू लागले.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे दोन मालिकांतील अंतर स्पष्ट होते. ग्रॅहम लाइनहन यांची 'दि आय.टी. क्राउड' ही मालिका चॅनल फोरवर ३ फेब्रुवारी १९०६ रोजी नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, २००६ साली त्याच दिवशी सुरू झाली. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, तिच्यातील समाजरचना एडवर्डकालीन हवेलीची आहे. वर मालक, खाली नोकर. रेनहोम इंडस्ट्रीज या कंपनीच्या तळघरात रॉय व मॉस हे दोन संगणक-तंत्रज्ञ बसतात. त्यांच्यावर नेमलेली जेन संगणकाविषयी पूर्ण अनभिज्ञ आहे. २००८ मधील एका भागात हे दोघे तिच्या हाती एक काळी पेटी देतात आणि हेच समग्र इंटरनेट होय, असे सांगतात. भर सभेत तिची फजिती व्हावी, हा त्यांचा हेतू. पण सभेतील प्रतिष्ठित मंडळीही त्या पेटीवर विश्वास ठेवतात! येथे हसू होते ते वरच्या मजल्यावरील अज्ञानाचे. तथापि त्यामुळे तळघरातील कोणी वर चढत नाही.

चक लॉरी व बिल प्रॅडी यांच्या 'दि बिग बँग थिअरी'त सारेच उलटे आहे. पॅसाडीना येथील कॅल्टेक संस्थेत काम करणारे शेल्डन व लेनर्ड हे भौतिकीचे डॉक्टर होत. फलकावरील समीकरणे बिनचूक असावीत म्हणून डेव्हिड सॉल्ट्झबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला जाई. मात्र विनोद समजण्यास ती समीकरणे समजण्याची गरज नसे. प्रेक्षकाची जागा समोरच्या घरातील पेनीच्या शेजारी आहे. तेथेही उच्चनीचता आहेच, परंतु ती पदव्यांची : हॉवर्ड अंतराळात जाऊन आला तरी डॉक्टरेट नाही म्हणून शेल्डन त्यास टोचतो. आणि पेनीचे माहेरचे आडनाव तर बारा वर्षांत एकदाही उच्चारले गेले नाही.

या भेदाचे खापर राष्ट्रस्वभावावर फोडण्याची रीत आहे : इंग्रजास पराभव प्रिय, अमेरिकनास यश. हे स्पष्टीकरण सोपे आहे. म्हणूनच ते तपासून घ्यावयास हवे. पार्श्वहास्याचा भेद तर मुळातच नाही, कारण दोन्ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित होत. खरा भेद निर्मितिव्यवस्थेत आहे. ब्रिटिश मालिका बव्हंशी एका लेखकाची, सहा भागांच्या सत्रांची. 'आय.टी. क्राउड'ची चार सत्रे व २०१३ चा अखेरचा विशेष भाग मिळून अवघे २५ भाग झाले. एवढ्या अवकाशात पात्रांनी बदलण्याचे कारण नसते. प्रत्येक भागात त्यांनी पुन्हा तळघरात परतावे, हेच सोयीचे. अमेरिकन मालिका लेखकमंडळ लिहिते, वर्षाकाठी वीसहून अधिक भाग पुरविते, आणि पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकले जाण्यावर तिचा नफा अवलंबून असतो. २००७ ते २०१९ या काळात २७९ भाग झाले. इतका काळ तीच माणसे त्याच जागी ठेवणे अशक्यच. म्हणून विवाह झाले, अपत्ये झाली, शेवटी शेल्डन व एमी यांस नोबेल पारितोषिकही मिळाले. यशाची ही ओढ स्वभावातून आली त्याहून अधिक भागांच्या संख्येतून आली, असे म्हणावयास हरकत नाही.

एन.बी.सी.ने 'आय.टी. क्राउड'ची अमेरिकन आवृत्ती करून पाहिली होती. जोएल मॅकहेल रॉय झाले. मॉसच्या भूमिकेसाठी मूळ नट रिचर्ड अयोआडे यांनाच नेण्यात आले. तो नमुनाभाग प्रक्षेपित न होताच बाजूस पडला. ते वर्षही २००७ हेच. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सी.बी.एस.वर शेल्डन व लेनर्ड यांच्या शेजारी पेनी राहावयास आली.