बोगदा परिणाम आणि ऊर्जेची अक्षय्यता

बोगदा परिणाम : एखाद्या कणाची एकूण ऊर्जा त्याच्या मार्गातील वर्चस् रोधाच्या उंचीपेक्षा कमी असतानाही तो रोधाच्या पलीकडे आढळतो, या आविष्कारास बोगदा परिणाम किंवा सुरंगण असे म्हणतात. अभिजात यामिकीनुसार ही गोष्ट अशक्य आहे. पुंजयामिकीनुसार तिची संभाव्यता अल्प असली, तरी शून्य नसते. रोध ओलांडण्यासाठी कण क्षणभर ऊर्जा ‘उसनी’ घेतो व नंतर ती परत करतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु या परिणामाचा इतिहास व त्याचे गणित ही दोन्ही या समजुतीच्या विरुद्ध आहेत. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमास कोठेही बाध न आणता आल्फा क्षयाचा उलगडा करता येणे, हेच या कल्पनेचे पहिले मोठे यश होय.

पार्श्वभूमी : किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे आयुष्य जितके अल्प, तितका त्याच्या आल्फा कणांचा हवेतील पल्ला अधिक, असा संबंध हान्स गायगर व जे. एम्. नटाल यांना १९११ मध्ये आढळला. (पुढील सर्व ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात दिल्या आहेत.) युरेनियम (२३८) याच्या आल्फा कणाची ऊर्जा सु. ४·२ व अर्धायुष्य सु. ४५० कोटी वर्षे आहे. पोलोनियम (२१२) याच्या बाबतीत हीच मूल्ये अनुक्रमे सु. ८·८ व ०·३ मायक्रोसेकंद आहेत. ऊर्जा जेमतेम दुप्पट, तर अर्धायुष्यांचे गुणोत्तर मात्र १० च्या २३ व्या घातापेक्षाही मोठे. हा संबंध अनुभवसिद्ध होता. त्याचे कारण मात्र अज्ञात होते.

याहून कठीण कोडे अर्न्स्ट रदरफर्ड यांच्यासमोर होते. ८·८ ऊर्जेचे आल्फा कण युरेनियमावर सोडले असता ते केवळ विद्युत् प्रतिसारणाने विचलित होत. अणुकेंद्रात त्यांचा शिरकाव होत नसे. म्हणजे तेथील रोध ८·८ पेक्षा उंच असला पाहिजे. मग त्याच अणुकेंद्रातून बाहेर पडणारा कण या रोधाच्या माथ्यावरून खाली आला असता, तर त्याची ऊर्जा निदान ८·८ भरावयास हवी होती. प्रत्यक्षात ती ४·२ च भरते. आल्फा कण दोन इलेक्ट्रॉनांसह विद्युत् भाररहित स्थितीत अणुकेंद्राबाहेर येतो व नंतर ते इलेक्ट्रॉन सोडून देतो, अशी तडजोड रदरफर्ड यांनी १९२७ मध्ये सुचविली.

त्या काळी खुद्द अक्षय्यतेच्या नियमाविषयीही सर्वांची निष्ठा अढळ नव्हती. नील्स बोर, एच्. ए. क्रेमर्स व जे. सी. स्लेटर यांनी १९२४ मध्ये असे प्रतिपादले होते, की अणूंच्या पातळीवर ऊर्जा केवळ सरासरीने अक्षय्य राहते. व्हॉल्टर बोटे व गायगर यांच्या, तसेच ए. एच्. कॉम्पटन व ए. डब्ल्यू. सायमन यांच्या १९२५ मधील प्रयोगांनी हे मत खोटे ठरविले.

उलगडा : द्विकूप वर्चसातील सुरंगणाचा विचार फ्रीड्रिख हुंड यांनी रेणूंच्या संदर्भात १९२७ मध्ये केला होता. १९२८ मध्ये गटिंगेन येथे जॉर्ज गॅमो यांनी आणि प्रिन्स्टन येथे आर्. डब्ल्यू. गर्नी व ई. यू. काँडन यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे ही कल्पना आल्फा क्षयास लावली. कणाचे तरंग फलन रोधाच्या आत झपाट्याने क्षीण होते, परंतु पलीकडे त्याचा अल्प अंश उरतो. हा अंश ऊर्जा व रोधाची रुंदी यांवर घातांकी रीतीने अवलंबून असल्यामुळे गायगर-नटाल संबंध त्यातून आपोआप निष्पन्न झाला.

ऊर्जेचा हिशेब : कण माथ्यावर चढतच नाही, म्हणून तेथून खाली येण्याचा प्रश्नही उरत नाही. युरेनियमाच्या क्षयात वस्तुमानातील घटीशी तुल्य अशी सु. ४·२७ ऊर्जा मुक्त होते. तिच्यापैकी सु. ४·२० आल्फा कणास व सु. ०·०७ मागे ढकलल्या जाणाऱ्या थोरियम अणुकेंद्रास मिळते. प्रारंभापासून अखेरपर्यंत एकूण ऊर्जा तीच असते. रोधाच्या आत गतिज ऊर्जा ऋण होईल, ही शंका कणाचे स्थान व गतिज ऊर्जा ही दोन्ही एकाच वेळी निश्चित असतात असे गृहीत धरल्याने उद्भवते. पुंजयामिकी हेच गृहीत नाकारते. कण रोधाच्या आतच आहे हे निश्चित करणारे मापन केल्यास त्या मापनातूनच कणास पुरेशी ऊर्जा मिळते. तिचा हिशेब मापन-उपकरणाच्या खात्यात मांडावा लागतो.

बीटा क्षयात मात्र ऊर्जा खरोखरच कमी भरत होती. १९३० च्या सुमारास बोर पुन्हा नियम सोडून देण्यास तयार झाले. व्होल्फगांग पाउली यांनी त्याऐवजी अदृश्य कण सुचविला. तो न्यूट्रिनो १९५६ मध्ये प्रयोगाने सापडला व नियम येथेही टिकला.

महत्त्व : ताऱ्यांतील अणुकेंद्रीय संघटन सुरंगणामुळे शक्य होते, हे रॉबर्ट ॲटकिन्सन व फ्रिट्स हाउटरमान्स यांनी १९२९ मध्ये दाखविले. जॉन कॉक्रॉफ्ट व अर्नेस्ट वॉल्टन यांनी १९३२ मध्ये रोधाच्या मानाने अल्प ऊर्जेच्या प्रोटॉनांनी लिथियमाचे अणुकेंद्र फोडले. लिओ एसाकी यांचा डायोड (१९५७) व क्रमवीक्षण सुरंगण सूक्ष्मदर्शक (१९८१) याच तत्त्वावर चालतात. डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या विद्युत् मंडलातील सुरंगण दाखविल्याबद्दल जॉन क्लार्क, मिशेल दव्होरे व जॉन मार्टिनिस यांना २०२५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच मंडलाची ऊर्जा ठराविक पायऱ्यांनीच बदलते, हेही त्यांनी दाखविले. सुरंगणाने अभिजात यामिकीतील निश्चित मार्गाची कल्पना मोडीत काढली. ऊर्जेच्या हिशेबास मात्र धक्का लावला नाही.