पवन-चलता आणि वीजपुरवठ्याची विश्वसनीयता

वाऱ्याच्या बदलत्या वेगाचे गणिती प्रतिमान मांडून वीजयंत्रणा मागणीला पुरी पडेल का, हे अजमावण्याची पद्धत. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाशी प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ती एक-अष्टमांश उरते. म्हणून वेगाची वार्षिक सरासरी फसवी ठरते. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर मोसमी वारा जोमाने वाहतो, पुढे मंदावतो. भिवंडीच्या यंत्रमागांना मात्र वीज बारमाही लागते. वेगांची विभागणी वायबुल वितरणाने दाखवतात. पण वाऱ्याच्या एकाच तासाच्या पडीपेक्षा सलग दोन दिवसांची पड अधिक जाचक. ती सलगता मार्कोव्ह साखळीने, म्हणजे पुढच्या तासाचा वेग आताच्या वेगावरून ठरवणाऱ्या प्रतिमानाने, पकडतात. मग माँटे कार्लो पद्धतीने हजारो कल्पित वर्षे चालवून तुटीची संभाव्यता काढतात. वारा पडला की कोयनेचे जलविद्युत केंद्र काही मिनिटांत भार उचलते, हेही हिशेबात धरावे लागते.